रीफ टँकची दुरुस्ती: आधी प्रवाह, मग गाळणी, शेवटी दिवे

इंदूरसारख्या समुद्रापासून लांबच्या गावात रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणारे थोडे, आणि त्यातला जो तो एकच प्रश्न विचारतो: लाइट कुठला घेऊ? नोव्हेंबर 2024 मध्ये मीही तोच प्रश्न घेऊन मुंबईच्या एका जुन्या हौशी काकांना फोन केला होता. त्यांनी टँकचे फोटो मागवले, घाण सडून पाण्यात साचणारं नायट्रेट किती ते विचारलं आणि म्हणाले, "लाइटचं नाव सध्या काढू नका. एवढ्या नायट्रेटमध्ये उजेड वाढवलात तर कोरलच्या आधी शेवाळ जेवेल."

तेव्हा टँक असा होता: चार फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे 240 लिटरच्या आसपास पाणी. मागे लटकवलेला एक फिल्टर, कोपऱ्यात एकच पॉवरहेड (पाणी ढकलणारा छोटा पंप), वर गोड्या पाण्याच्या टँकवर असते तसली पांढरी एलईडी पट्टी. दोन क्लाउनफिश आणि एक गोबी, तिघेही ठणठणीत. कोरलचं मात्र काही खरं नव्हतं. लेदर कोरल मिटलेलंच असायचं, झोअँथिड या दुसऱ्या मऊ कोरलच्या देठांवर हिरवं केसाळ शेवाळ आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात वाळूवर तांबडी-जांभळी साय. ती साय म्हणजे सायनोबॅक्टेरिया, आम्हा हौशी लोकांच्या भाषेत सायनो. नायट्रेट 60 पीपीएमच्या वर.

काकांनी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्यायला लावल्या. क्रम असा: प्रवाह, मग गाळणी, मग दिवे. आणि एका वेळी एकच बदल. दोन बदलांत तीन-चार आठवडे जाऊ द्यायचे. हा दुसरा नियम पाळायला सगळ्यात जड गेला, पण आता कुणी विचारलं तर मी आधी तोच सांगते. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि कोरल मिटलं, तर कशामुळे मिटलं हे कळायला मार्गच उरत नाही.

डिसेंबरमध्ये प्रवाहाला हात घातला. कोरल जागचं हलत नाही. त्याच्यापर्यंत ऑक्सिजन आणि अन्न आणायचं, त्याच्या अंगावरची घाण आणि चिकटा न्यायचा, हे सगळं काम वाहत्या पाण्याचं. माझा एकुलता पॉवरहेड सरळ रेषेत धार सोडायचा. समोरचं झोअँथिड सतत झोडपलं जायचं आणि दगडामागे पाणी जवळपास उभं. सायनो नेमकी तिथेच होती. सॉफ्ट कोरलच्या टँकमध्ये तासाला टँकच्या 15 ते 20 पट पाणी फिरावं, असं साधारण धरतात. माझ्या टँकला म्हणजे तासाला 3,600 ते 4,800 लिटर. कडक सांगाड्याच्या कोरलना याहून कितीतरी जास्त लागतं, पण ती माझ्याकडे नाहीत. का नाहीत ते पुढे येईल.

वेग कमी-जास्त करता येणारे दोन डीसी वेवमेकर, म्हणजे टँकच्या आतच पाणी फिरवणारे पंप, घेतले, दोन्ही मिळून 11,500 रुपये. एक डाव्या काचेवर वरच्या बाजूला, दुसरा उजव्या काचेवर थोडा खाली. दोघांचं तोंड एकमेकांकडे न ठेवता समोरच्या काचेकडे तिरकं ठेवलं. काचेवर आपटून धार फुटते आणि पाणी कधी इकडे, कधी तिकडे घोळतं. तेच हवं असतं. आधी एक 40 टक्क्यांवर, दुसरा 30 वर, आणि वेग हळूहळू वाढवत नेला.

प्रवाह पाहायचा कसा, हा नव्या माणसाला पडणारा प्रश्न. कुठलंही मीटर लागत नाही. माशांना घालतात त्या गोठवलेल्या आर्टेमियाचा चुरा थोड्या पाण्यात कालवून ड्रॉपरने ठिकठिकाणी सोडायचा आणि कण कुठे जातात ते बघत बसायचं. जिथे कण खाली बसून राहतात ती मेलेली जागा. लेदरचे पॉलिप डोलले पाहिजेत, एका बाजूला आडवे पडता कामा नयेत. वाळूत खड्डा पडायला लागला तर वेवमेकर वर सरकवा. पाण्याचा पृष्ठभागही नुसता थरथरून चालत नाही, चांगला हलायला हवा. हवेतला ऑक्सिजन तिथूनच आत जातो. रात्री कोरलही ऑक्सिजन घेतं, म्हणून रात्री प्रवाह कमी करण्याची सोय असली तरी मी ती थोडीच वापरते.

संक्रांतीपर्यंत कोपऱ्यातली साय निम्म्याने कमी झाली होती. नायट्रेट होतं तिथेच, आणि ते तसंच असणार होतं. प्रवाहाने घाण उठते, टँकबाहेर जात नाही. ती बाहेर काढायला सम्प हवा, म्हणजे टँकखालची वेगळी टाकी: पाणी तिथे उतरून गाळलं जातं आणि पंपाने परत वर येतं. आणि सम्पसाठी काचेला भोक. या टप्प्याची मला खरी धास्ती होती.

भोक न पाडता काठावर अडकवायचा ओव्हरफ्लो बॉक्सही मिळतो, पण तो सायफनवर चालतो. वीज जाऊन आल्यावर सायफन परत धरला नाही तर खालचा पंप पाणी वर चढवत राहतो आणि टँक दिवाणखान्यात सांडतो. वादळाच्या दिवसांत आमच्याकडे वीज किती वेळा जाते-येते हे बघता तो पर्याय मी सोडला.

सियागंजच्या बाजूला एक काचवाला सापडला, बेसिनच्या काचांना भोकं पाडणारा. त्याचा पहिला प्रश्न, "मॅडम, काच टफन तो नहीं है? टफन हुआ तो गया." टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेला भोक पाडायला गेलं की ती सगळीच्या सगळी फुटते. ओळखायची युक्ती मला आधीच कळली होती. लॅपटॉपवर कोरा पांढरा पडदा उघडून तो काचेमागे धरायचा आणि पुढून पोलराइज्ड गॉगल लावून पाहायचं, गॉगल जरा फिरवत. टफन काचेत गडद डाग किंवा पट्टे दिसतात, साध्या काचेत नाहीत. मागची काच साधी निघाली. तळाची काच मी तपासलीच नाही, कारण तळाला हात लावायचाच नव्हता. पुष्कळ टँकचा तळ टफन असतो एवढं लक्षात ठेवा.

ज्या फिटिंगमधून पाइप काचेबाहेर काढायचा ते प्लंबिंगच्या दुकानात 'टँक निपल' म्हणून मिळतं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लावतात तेच. आधी निपल विकत घ्या, त्याच्या मापाने भोक पाडा. उलट केलंत तर भोक मोठं-लहान होणार. निपल यूपीव्हीसीचंच घ्या. दुकानदार मजबूत म्हणून आत पितळी आटे असलेलं काढून देतो, ते नको. पितळेत तांबं असतं, आणि तांबं कोरल-कोळंबीला विष.

26 जानेवारीला सुट्टीचा मुहूर्त धरला. पाणी भोकाच्या खाली येईल इतकं काढून ड्रममध्ये ठेवलं, मासे टँकमध्येच. आतल्या बाजूला भोकाच्या खाली प्लास्टिकची पिशवी चिकटवली, काचेचा चुरा झेलायला. काचवाल्याने बाहेरून हिऱ्याचं कटर लावलं आणि मी बाटलीने सतत पाणी मारत राहिले, काच तापू नये म्हणून. काठापासून भोकाच्या व्यासाइतकं तरी अंतर सोडायचं. भोकं दोन पाडली, एक नेहमीचं, दुसरं त्याहून जरा वर. पहिल्यात गोगलगाय अडकली तर पाणी दुसऱ्यातून उतरेल. सासूबाई तेवढा वेळ देवघरात जाऊन बसल्या होत्या. "अगं, फुटलं तर आधी मला हाक मार, गालिचा उचलते," एवढं बजावून. काही फुटलं नाही. दोन भोकांचे 600 रुपये झाले.

सम्पही त्याच माणसाने केला. अडीच फूट लांब, तीन कप्पे, 3,200 रुपये. पाइप, निपल, सोल्युशन वगैरे 1,900. सोल्युशन लावलेले जोड पूर्ण दिवसभर वाळू दिले, मग पाणी थोडं थोडं चढवलं. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर पसरून रात्र काढली. अगदी बारीक गळतीही कागदावर दिसते.

रिटर्न पंप 4,200 रुपयांचा. पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा पाणी वर चढवायचं नसताना येतो. माझा खोक्यावर 3,000 लिटरचा, साडेतीन-चार फूट चढवल्यावर निम्म्याच्या आसपास. सम्पमधून तासाला चार-पाच पट पाणी फिरलं तरी पुरतं. बाकीचा प्रवाह वेवमेकरचा. त्यामुळे मोठा पंप घेण्यात अर्थ नाही.

सम्प चालू झाल्यावर एक परीक्षा न चुकता करा. सगळ्याचं बटण बंद करा आणि किती पाणी खाली उतरतं ते उभं राहून बघा. वरचं जादा पाणी आणि पाइपमधलं पाणी सगळं सम्पमध्ये येतं. त्याला तिथे जागा उरली पाहिजे. मी त्या हिशेबाने सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारली. पंप चालू असताना पाणी तिच्या वर कधी जाऊ देत नाही. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक बारीक भोकही आहे. पंप बंद पडला की त्यातून हवा शिरते आणि उलटा सायफन तुटतो. दर महिन्याला ते काडीने साफ करावं लागतं.

आता विजेचं. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं आणि सम्पमध्ये हात घालण्याचं काम रोजचं. वायरमनचं म्हणणं, "एमसीबी तो लगी है ना." एमसीबी जादा लोड आणि शॉर्ट सर्किटसाठी. माणसाला शॉक बसू नये म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लागतो, आणि अर्थिंगही धड हवं. हे काम मार्चमध्ये ठरलं. रंगपंचमी 19 तारखेला होती. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, आधी आणि नंतर इंदूरमध्ये कारागीर मिळण्याची आशा ठेवू नये. शेवटी महिनाअखेर आला. मजुरीसकट 2,600 रुपये. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर घेतलेली आहे, म्हणजे वायरवरून आलेला थेंब सॉकेटमध्ये न शिरता खाली टपकतो.

मधल्या काळात फेस करून पाण्यातली घाण काढणारा स्किमर मागवला होता. मला हवं ते मॉडेल इथे कुणाकडे नव्हतं, म्हणून परदेशातून. वस्तू 9,800 रुपयांची. कुरिअर कंपनीने केवायसीसाठी आधार मागितलं, मग वस्तू काय आहे याचं वर्णन, मग पैसे भरल्याची पावती. 'प्रोटीन स्किमर' म्हटल्यावर खाण्याची वस्तू आहे का, अशी विचारणा झाली. "मत्स्यालयाचं पाणी गाळण्याचा पंप, घरगुती वापरासाठी" असं लिहून दिल्यावर पुढे सरकलं. ड्युटी आणि कुरिअरचं शुल्क मिळून 4,700 भरले आणि जवळजवळ महिना गेला. पावती आणि वस्तूच्या पानाची प्रत आधीच पीडीएफ करून ठेवा. आणि शक्यतो वायफायवाली उपकरणं अशी मागवू नका. बिनतारी उपकरणाच्या आयातीला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते, तो वेगळाच फाटा फुटतो.

स्किमरचं काम रवीने ताक घुसळल्यासारखं. बारीक बुडबुड्यांना पाण्यातली सेंद्रिय घाण चिकटते, फेस होऊन वर चढते आणि कपात जमते. ती सडून नायट्रेट होण्याआधीच बाहेर जाते, हा त्याचा मोठा गुण. नवा स्किमर पहिला आठवडा-दीड आठवडा वेड्यासारखा वागतो, कधी कप भरून वाहतो, कधी काहीच नाही. त्याला तसाच चालू ठेवायचं. कप्प्यातली पाण्याची पातळी मात्र स्थिर लागते. तिसऱ्या दिवशी कपात चहासारखं काळपट पाणी जमलं. वास सांगत नाही.

सम्पच्या मधल्या कप्प्यात केटोमॉर्फाचा गुंता ठेवला, वर छोटा दिवा. हे शेवाळ नायट्रेट-फॉस्फेट खाऊन वाढतं आणि आपण ते मूठ-मूठ उपटून टाकायचं. पाणी वरून पडतं तिथे गाळणीची पिशवी आहे. ती तीन-चार दिवसांनी धुतली नाही तर अडकलेली घाण तिच्यातच सडते.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे इंदूरचा संबंध येतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. आमच्या नळाचं टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) माझ्या मीटरवर 250 ते 300 दाखवतं, बोअरिंगचं 900. दोन्ही तसंच वापरण्यासारखं नाही. "घरात आरओ आहे की" असं सगळे म्हणतात. स्वयंपाकघरातल्या आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळलेलं असतं आणि हल्ली बऱ्याच यंत्रांत 'कॉपर'चं कार्ट्रिज असतं. माणसाला ठीक, कोरलच्या टँकला अजिबात नाही. आमचंही तसलंच. म्हणून गच्चीवर वेगळं साधं आरओ आणि त्याला शेवटी उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन बसवलं, 5,500 रुपये. टीडीएस शून्य आलं पाहिजे. एक-दोन दाखवायला लागलं की रेझिन बदला. वाया जाणारं पाणी फरशीला आणि कूलरला. दर रविवारी 25 लिटर पाणी बदलते. लिटरला 35 ग्रॅमच्या हिशेबाने जवळजवळ 900 ग्रॅम मीठ, म्हणजे पावणेतीनशे रुपये.

एप्रिलअखेर नायट्रेट 30 वर आलं. ते वेगाने पाडू नका. नायट्रेट आणि फॉस्फेट एकदम शून्यावर आले तर कोरल फिकट पडतं आणि डायनोफ्लॅजलेट नावाची चिकट, बुडबुड्यांची तपकिरी लाळ पसरते. ती सायनोपेक्षा चिवट. मी 5 ते 10 पीपीएम हे लक्ष्य ठेवलं आणि वेगळं काही औषध टाकलं नाही.

मे आला. बाहेर 42, खोलीत 36 आणि टँक 30 च्या वर. पाणी थंड करणाऱ्या चिलरची किंमत ऐकून पृष्ठभागावर वारा मारणारे पंखे लावले, 1,600 रुपयांचे. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ते फार छान चालतात, टँक 27 च्या आसपास राहिला. बाष्पीभवन इतकं की रोज पाच-सहा लिटर पाणी उडतं. उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. हे हाताने करताना क्षारता वर-खाली होते. उडालेलं पाणी आपोआप भरणारा 3,400 रुपयांचा ऑटो टॉप-ऑफ ही या यादीतली सगळ्यात सुखाची खरेदी.

त्या महिन्याअखेरच्या एका वादळात संध्याकाळी गेलेली वीज मध्यरात्रीनंतर आली. इन्व्हर्टरवर फक्त एक वेवमेकर ठेवला होता. दिवा नसला तर कोरल दोन-तीन दिवसही तग धरतं, पाणी हललं नाही तर मासे काही तासांत वर येऊन धापा टाकतात. इन्व्हर्टरची बॅटरी प्रवाहासाठी राखा, स्किमरला जोडू नका.

जूनच्या मध्यावर पाऊस आला, तापमान उतरलं, नायट्रेट 15. आता दिवे. कोरलच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशातून अन्न तयार करतं. त्याला निळा प्रकाश विशेष उपयोगी, साधारण 420 ते 480 नॅनोमीटरचा. खोल जाताना लाल रंग पाण्यात आधी विरतो, निळा टिकतो. 165 वॅटचे दोन एलईडी घेतले, निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त होणारे, 21,000 रुपये. एक दिवा जेमतेम दोन फूट लांबी उजळतो, म्हणून चार फुटाला दोन.

जुन्या मंद उजेडाला सरावलेल्या कोरलवर पूर्ण दिवा टाकला तर ते झूझँथेली बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मी निळा 30 टक्के, पांढरा 5 टक्के अशी सुरुवात केली आणि आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढवत गेले. मोबाइलच्या लक्स मीटरवर विसंबू नका. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतं आणि निळ्याला कमी लेखतं. काकांच्या ओळखीच्या एकाने अनामत ठेवून पीएआर मीटर, म्हणजे झूझँथेलीला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारा मीटर, कुरिअरने पाठवला. वरच्या दगडावर 180, वाळूवर मध्यभागी 70, कोपऱ्यात 40. सॉफ्ट कोरलना 50 ते 150 पुरतं, म्हणून लेदर एक दगड खाली आणलं, मशरूम कोरल कोपऱ्याजवळच ठेवलं. दिवे दुपारी 12 ते रात्री 9. उन्हाळ्यात ही वेळ दुपारी 3 नंतर सरकवायची आहे, खोली तापलेली असताना दिव्यांची भर नको म्हणून.

ऑगस्टमध्ये लेदर रोज उघडू लागलं. झोअँथिडच्या कडेला नवी तोंडं आली. केसाळ शेवाळ दगडाच्या एका बाजूला अजून आहे. दगडात मुरलेलं फॉस्फेट हळूहळू बाहेर येतं, त्याला वेळ लागणार.

दिवे चांगले झाले हे कळल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅक्रोपोरा या कडक कोरलचे फोटो यायला लागले, "मॅडम, आता तुमच्याकडे नक्की जगेल" म्हणून. आपल्याकडे रीफ बांधणारी सगळी कडक कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहेत. सी फॅन, ब्लॅक कोरल, फायर कोरल आणि ऑर्गन पाइप कोरलही तिथेच. समुद्रघोडाही. विकणारा 'इम्पोर्टेड आहे' म्हणतो, कागद मागितला की गप्प होतो. मी झोअँथिड, मशरूम, लेदर यांवर थांबले आहे आणि त्यांचीही बिलं फाइलला लावते.

खर्चाची बेरीज, 5,400 रुपयांच्या टेस्ट किट धरून, 75,400. विजेचं बिल महिन्याला सहाशे-सातशेने वाढलं. चिलर घेतलेला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये पंखे पुरतात का ते पाहून ठरवीन.